दार धरणारी वेलांटी

चित्रकलेच्या बाईंना आपण ‘डिंकबाई’ म्हणतो हे बाईंच्या कानावर गेलेलं नाही, अशी सगळ्या प्राथमिक शाळेची पक्की समजूत होती. बाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बोटांवर कायम वाळलेल्या डिंकाच्या पापड्या, बाहीला डाग, केसांत कधीमधी कागदाचा कपटा. दुसरं कुठलं नाव मिळणार होतं? शिवाय एखाद्या पोराला चिकटल्या की सुटत नाहीत, हा त्या नावाचा दुसरा अर्थ शिपाईमामांनी काढला होता. तोही त्यांना माहीत होता. पण त्या काही कळलंच नाही असं दाखवत. मुलांपाशी बाईंबद्दलचं एखादं गुपित असावं, म्हणजे शाळेत यावंसं वाटतं, असं त्यांचं मत.

त्यांचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कधी कुणाच्या नव्या दाराच्या. लहानपणी बाई त्यांच्या शेजारी ब्रश धूत बसायच्या, त्यामुळे अक्षरं त्यांनी शाळेत जायच्या आधी पाहिली, आणि तीही काचेच्या मागून, उलटी. अक्षर म्हणजे आधी आकार आणि मग आवाज, हे तेव्हापासून अंगात मुरलेलं. म्हणूनच तिसरीची मुलं वाचनात मागे पडली आहेत अशी ओरड झाली, तेव्हा त्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

“वाचनाचा एक तास मला द्या. चित्रं, माती, नाटक, सगळं करते. वाचन त्यातूनच येईल.”

मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. “चित्रं काढून वाचता आलं असतं, तर आतापर्यंत सगळे चित्रकार पंडित झाले असते.”

“पंडितांना तरी कुठे चित्रं काढता येतात?”

मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण तास दिला. मात्र बजावून दिला. सत्र संपताना बाहेरून परीक्षक येणार होते. ज्या मुलाला न पाहिलेलं पान वाचता येणार नाही, त्याला पुन्हा पहिलीत बसवायचं, असं वरून ठरून आलं होतं.

तिसरीतल्या सगळ्यांत लहानखुऱ्या मुलीला घरीदारी मुंगी म्हणत. चालायची तीही मुंगीसारखी, भिंतीच्या कडेकडेनं. तिची धाकटी बहीण, घरातलं शेंडेफळ, यंदाच पहिलीत आली होती आणि दिसेल ते वाचत सुटायची. बिस्किटाचा पुडा, बसची पाटी, औषधाची बाटली. शाळेच्या फाटकावरचा फलक तर रोज सकाळी, ताईच्या कानाशी तोंड नेऊन, “परवानगीशिवाय आत येऊ नये!” असा ठणकावून वाचायची. मुंगी तेवढ्या वेळात बुटाचा बंद बांधायला खाली वाकायची. बंद सुटलेला नसला तरी.

पहिलीत बसवणार म्हणजे कुठे बसवणार, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. पहिलीत एकाच बाकावर जागा रिकामी होती, शेंडेफळाच्या शेजारची.

पण डिंकबाईंच्या तासाला जादू झाली. मुलांनी मिळून एक गोष्ट रचली, एका पिवळ्या छत्रीची. छत्री खिडकीतून पळते, गावभर हिंडते, विजेच्या तारेत अडकते, शेवटी एक मांजर तिच्यात शिरून झोपी जातं. गोष्टीचं पान न् पान मुलांनी रंगवलं, खाली मोठ्या अक्षरांत मजकुराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि भिंत भरून टाकली. आणि जी मुंगी वर्गात तोंड उघडत नसे, ती हातात छडी घेऊन ती अख्खी भिंत घडाघडा वाचू लागली. आवाज चढवून, मांजराच्या जागी म्याँव करून. पालक आले त्या दिवशी तिच्या आईनं ते ऐकलं आणि तोंडावर ओढणी धरली. मुंगीची आई चष्म्याच्या दुकानात कामाला. मुलगी वाचत नाही म्हणजे तिला दिसत नसणार, म्हणून तिनं तिचे डोळे पुन्हा पुन्हा तपासून घेतले होते, आणि दर वेळी डोळे ठणठणीत निघाल्यावर जास्तच घाबरली होती.

“बाई, तुमचे उपकार—” ती म्हणाली.

“उपकार कसले? तिच्यात होतंच ते,” डिंकबाई म्हणाल्या. मोठ्या बाईंनी दारातून बघून मान डोलावली. डिंकबाई त्या दिवशी घरी गेल्या त्या गुणगुणतच.

परीक्षेच्या आठवड्यात सोमवारी सकाळी त्या लवकर आल्या तर वर्गात मुंगी एकटीच होती. आईला दुकान उघडायचं असे, म्हणून दोघी बहिणी नेहमीच लवकर यायच्या. शेंडेफळ मैदानावर, मुंगी भिंतीपाशी.

“बाई, वाचून दाखवू?”

“दाखव की.”

तिनं छडी उचलली. तारेत अडकलेल्या छत्रीच्या चित्रावर टेकवली आणि खणखणीत आवाजात वाचलं, “छत्री तारेत अडकली. छत्री हलली, तार हलली, सगळी गल्ली अंधारात गेली!”

डिंकबाई हसत होत्या. त्यांची नजर चित्राखालच्या पट्टीवर गेली आणि हसू ओठांवरच थिजलं. पट्टीवर लिहिलं होतं, ‘मांजर छत्रीत शिरलं आणि निजलं.’

शनिवारी काही पट्ट्या गळून पडल्या होत्या. सफाई करताना शिपाईमामांनी त्या उचलून, जिथे जागा दिसली तिथे चिकटवल्या होत्या. डिंकबाईंचा डिंक सुटला होता, आणि त्याबरोबर सगळंच सुटलं होतं.

मुंगी आनंदानं पुढच्या चित्राकडे वळली. तिथेही चित्र एक होतं आणि मजकूर भलताच. तिनं चित्र वाचलं. म्याँवसुद्धा केलं.

बाई पुढे झाल्या, तिला तारेच्या चित्रापाशी परत आणलं, ते दोन्ही हातांनी झाकलं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, “आता फक्त खालचं वाच बरं.”

मुंगीचा आवाज एकदम खाली आला. तिनं पट्टीवर बोट ठेवलं. “मांजर… छत्रीत…” आणि बोट थबकलं. “इ… इशर… इशरलं… आइण… इन…” मग तिनं हळूच मान वाकडी केली आणि बाईंच्या बोटांच्या फटीतून मागचं चित्र दिसतंय का ते पाहिलं.

त्या एका नजरेत डिंकबाईंना सगळं कळलं. सत्रभर ही पोर अशीच फटीतून बघत जगत होती. आणि त्या फटी सुंदर रंगवून देणाऱ्या आपणच.

“चुकलं ना?” मुंगीनं विचारलं.

“माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “तू थांब.”

मधल्या सुट्टीत त्यांनी तिसरीच्या सरांना गाठलं. सर शिस्तीचे, खडूसुद्धा सरळ रेषेत मांडणारे. त्यांना डिंकबाईंचा तास म्हणजे गोंधळ वाटायचा.

“वाचन चाललंय का नाटक, बाई?” त्यांनी डबा उघडता उघडता टोमणा मारला.

“नाटकच. पण पात्रं चुकीच्या क्रमानं येतायत. सर, तुम्ही मुलांना वाचायला कसं सांगता?”

“कसं म्हणजे? बोट ठेवायचं. डावीकडून उजवीकडे जायचं. एकही खूण गाळायची नाही. जे आधी दिसेल ते आधी म्हणायचं.”

“जे आधी दिसेल ते आधी,” डिंकबाई पुटपुटल्या. त्यांच्या बोटानं टेबलावर आपोआप ‘शि’ काढला. वडिलांच्या सवयीनं काढला: आधी थोडी जागा सोडली, मग श, मग मागे येऊन सोडलेल्या जागेत पहिली वेलांटी. ‘वेलांटीला आधी जागा सोड,’ वडील म्हणायचे, ‘पण बोलव मात्र मागून.’

त्या ताडकन उभ्या राहिल्या. “सर, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. मुंगी ती आधी वाचते. शिरलं नाही, इशरलं. आणि नाही, आइण. तिच्या वाचनात जिथे जिथे पहिली वेलांटी येते तिथे खड्डा आहे. बाकी सगळं तिला येतं!”

सर घास हातात धरून बसले. “पण हेच तर मी सगळ्यांना सांगतो. मग बाकीच्यांना कसं वाचता येतं?”

“बाकीची तुमचं ऐकत नाहीत, सर. ही ऐकते.”

सरांनी घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, “शुक्रवारी परीक्षा आहे.”

“माहितीये.”

“पालथ्या घड्यावर पाणी नको व्हायला.”

“घडा पालथा नाहीये, सर. आपणच उलट्या बाजूनं ओततोय.”

शाळा सुटल्यावर डिंकबाई चष्म्याच्या दुकानात गेल्या. मुंगीची आई गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी आवळत होती. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला, आणि बाईंचा चेहरा बघून लगेच पडला.

“काय झालं? पडली का?”

“पडली नाही. बसा आधी.”

आई बसली नाही. हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून तिनं सगळं ऐकलं. मागच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी.

“म्हणजे त्या दिवशी भिंतीवर वाचून दाखवलं ते काय होतं?”

“पाठांतर. चित्रं बघून.”

“आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या.”

“वाजवल्या.”

“मीसुद्धा वाजवल्या,” आई म्हणाली. तिनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला तर तो काउंटरवरून गडगडत गेला, कुणी उचलला नाही. मग ती पुढे वाकून हळू आवाजात बोलू लागली. “बाई, एक सांगू? राग नका मानू. शुक्रवारी तिला भिंतीवरचंच पान द्या ना. पाठ आहे तिला. कोणाला कळणारे? एकदा चौथीत गेली की शिकेल हळूहळू. मी शिकवीन. पण धाकटीच्या शेजारी बसवलं ना तिला… ती धाकटी दिवसभर तिला अक्षरं दाखवेल, घरी येऊन मला सांगेल, आई, आज ताईला मी क शिकवला. मग माझी मोठी पोर तोंड उघडायची नाही, बाई. कधीच नाही.”

हाच विचार सकाळपासून डिंकबाईंच्याही मनात येऊन दोनदा दार ठोठावून गेला होता.

“चौथीत गेली तर तिथे चित्रं नसतात,” त्या शेवटी म्हणाल्या. “पुस्तकात सगळा मजकूरच. तिथे ती काय बघणार?”

“म्हणजे देणार नाही?”

“मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या.”

“वेळ माझ्याकडे कुठाय, बाई? तुमच्याकडेच आहे सगळा,” आई म्हणाली, आणि तोंड फिरवून तिनं गिऱ्हाइकाला हाक मारली.

घरी नवऱ्यानं त्यांचा चेहरा पाहून गॅस बंद केला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तुझं नि माझं काम एकच, असं तो नेहमी म्हणायचा, मध्येच अडकलेल्यांना बाहेर काढायचं.

“अडकलंय कोण?”

त्यांनी सांगितलं.

“माणूस अडकला ना, की घाबरून सगळी बटणं एकदम दाबतो,” तो म्हणाला. “पहिल्यांदा त्याला सांगायचं, बटणं सोड. दार बघ.”

“तुझं दर वेळी दार,” त्या वैतागून म्हणाल्या. पण तो शब्द डोक्यात राहिला.

मंगळवारी माती आणली. श केला, वेलांटी केली, जवळ ठेवली, लांब नेली. मुंगीनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “इश.” रंगात केलं. वेलांटी लाल, अक्षर निळं, आधी निळं वाचायचं, मग लाल. मुंगीनं रंग बघून बरोबर वाचलं, आणि काळ्या अक्षरांवर आली की पुन्हा “इश.” म्हणजे रंग हीदेखील एक फटच झाली. डिंकबाईंनी लाल खडू दाणकन डब्यात टाकला तशी मुंगी दचकून भिंतीला चिकटली.

“तुझ्यावर नाही गं, खडूवर रागावले.”

“खडूनं काय केलं?”

“माझं ऐकलं,” बाई म्हणाल्या.

बुधवारी मधली सुट्टी संपली आणि तिसरीची रांग वर्गाकडे आली. रांग उंचीप्रमाणे, म्हणून मुंगी सगळ्यांत पुढे. वर्गाचं दार जड, आपोआप मिटणारं. मुंगी सगळ्यांच्या आधी दाराशी पोचली, पाठ लावून तिनं ते ढकललं आणि हात लांब करून धरून उभी राहिली. तिच्या हाताखालून सगळा वर्ग आत गेला. दोन मैत्रिणी गळ्यात गळे घालून एकदमच शिरल्या. शेवटी मुंगी आत गेली आणि दार तिच्या मागे मिटलं.

डिंकबाई कॉरिडॉरमध्ये जागच्या जागी उभ्या राहिल्या. हे दृश्य त्या रोज बघत होत्या.

“मुंगे! बाहेर ये. सगळे बाहेर या!”

“बाई, आत्ताच तर आत आलो!”

“परत जायचंय. चला, नाटक करायचंय.”

त्यांनी मुंगीला दारात उभं केलं, तसाच हात लांब करून. “तू कोण?”

“मुंगी.”

“नाही. तू पहिली वेलांटी. हात बघ तुझा, असाच असतो ना तिचा, पुढच्याच्या डोक्यावरून गेलेला? आता हा श येतोय. दाराशी आधी कोण पोचलं?”

“मी.”

“आत आधी कोण जाणार?”

मुंगी विचारात पडली. “श. मी दार धरलंय ना. मी आधी शिरले तर दार त्याच्या नाकावर आपटेल.”

“मग बोल. आत जाताना ज्यानं त्यानं आपला आवाज काढायचा.”

श झालेला मुलगा “श!” म्हणत तिच्या हाताखालून आत गेला. मागोमाग मुंगी “इ!” म्हणत शिरली. दार मिटलं. आत दोघांचा आवाज एकमेकांत मिसळून गेला. मुंगी दार परत ढकलून बाहेर डोकावली. डोळे मोठे झाले होते.

“शि,” ती म्हणाली. “बाई, ती आधी येते पण शेवटी जाते. माझ्यासारखी.”

मग उत्साहाला ऊत आला. न, ण, ख, प, सगळी अक्षरं मुंगीच्या हाताखालून गेली. पलीकडच्या वर्गातून सर बघायला आले आणि काही न बोलता दाराच्या बिजागरीला तेल घालायला शिपाईमामांना सांगून गेले. तास संपला तेव्हा डिंकबाई मुंगीला घेऊन जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पांढऱ्या खडूनं, एका रंगात, चित्राशिवाय, एक शब्द लिहिला.

मुंगीनं बोट ठेवलं. दुसरा हात आपोआप बाजूला लांब झाला, जणू दार धरलंय. “ड… डि… डिं… डिंक… बा…” आणि तिनं दोन्ही हात तोंडावर मारले. “अय्या! बाई! तुम्हाला माहितीये?”

“काय माहितीये? काय लिहिलंय?”

“मी नाही सांगणार!”

“मग वाचता आलं नाही असं समजू?”

“डिंकबाई!” मुंगी किंचाळली आणि हसत हसत जमिनीवर लोळली. डिंकबाईंनीही हसून घेतलं. त्या शाळेत एवढ्या मोठ्यानं त्या कधी हसल्या नव्हत्या.

पण जुनी सवय एका दिवसात सुटत नाही. गुरुवारी मुंगी थकलेली आली. शेंडेफळानं फाटकावरचा फलक वाचून तिला डिवचलं होतं, आणि वर, “ताई, उद्या तू माझ्या वर्गात येणार ना?” असं विचारलं होतं, तेही आनंदानं. त्या दिवशी मुंगी तीन शब्द बरोबर वाचायची आणि चौथ्याला जुन्या वाटेनं घसरायची. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा डिंकबाईंकडे न बघताच तिनं मुंगीचं दप्तर उचललं.

शुक्रवारी परीक्षक आले. सभ्य, वयस्कर गृहस्थ, सारखा कोरडा खोकला. मोठ्या बाईंच्या खोलीत मुलं एकेक करून जात होती. डिंकबाई आणि सर कोपऱ्यात बसले होते. बोलायची परवानगी नव्हती. मुंगीची पाळी आली तशा मोठ्या बाई परीक्षकांना म्हणाल्या, “हिचं वाचन खरं तर तुम्ही वर्गात ऐका. मुलांनी रचलेली गोष्ट भिंतीवर लावलीय. ही अशी सुरेख वाचते! मीच ऐकलंय.”

परीक्षकांनाही पाय मोकळे करायचे होते. “चालेल की,” ते खुर्चीतून उठू लागले.

डिंकबाईंनी मुंगीकडे पाहिलं. मुंगी त्यांच्याचकडे बघत होती. सोमवारपासून पट्ट्या पुन्हा जागच्या जागी लावलेल्या होत्या. भिंतीपाशी गेली की मुंगी म्याँवपर्यंत घडाघडा म्हणून टाकील, आणि तिसरीत राहील. सर्वांना आनंद होईल. आईला सर्वांत जास्त. नुसतं गप्प बसायचं होतं.

“भिंतीवरचं नको,” डिंकबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. “का?”

“ते तिला पाठ आहे. आम्हा सगळ्यांना ते वाचन वाटलं. मलाही. तिला नवं पान द्या.”

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. परीक्षक परत बसले. त्यांनी खोकून एक कागद पुढे सरकवला. नुसता मजकूर, चित्राचा पत्ता नाही. डिंकबाईंच्या मनात एकच वाक्य घोळू लागलं: चुकलं तर त्या बाईला मी तोंड कसं दाखवू?

मुंगीनं कागदावर बोट ठेवलं. पहिल्याच ओळीत पहिली वेलांटी. ती थांबली. इतका वेळ थांबली की परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग तिचा डावा हात हळूहळू शरीरापासून लांब झाला आणि हवेत थांबला.

“एका गावात एक… शि… शिंपी होता,” ती म्हणाली. “तो कापडाच्या तुकड्यांतून… चि… चित्रं… शि… वायचा.”

“हात का असा धरलाय?” परीक्षकांनी विचारलं.

“दार धरलंय,” मुंगी म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

ती अडखळत होती. शब्दाशब्दाला दार उघडत होतं, मिटत होतं. पण जे अक्षर आधी जायचं तेच आधी जात होतं. डिंकबाई पुढच्या ओळी लांबूनच उलट्या वाचत होत्या, काचेमागून वाचल्यासारख्या. शेवटच्या ओळीत त्यांना एक शब्द दिसला. ‘पुस्तिका’. तिथे वेलांटी एका अक्षराआधी नव्हे, जोडाक्षराआधी उभी होती. अर्धा स आणि त. हे शिकवायचं राहिलं होतं. अगदी साफ राहिलं होतं.

“त्याने मुलीला… चिंध्यांची एक… पु…” मुंगी थांबली. बोट वेलांटीवर. ओठांनी इ चा आकार घेतला. मुंगीनं ओठ मिटले. हात आणखी थोडा लांब केला, जास्त जागा करून दिल्यासारखा. मग ती अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटली, “दोघी… गळ्यात गळे…”

“काय म्हणालीस?” परीक्षकांनी विचारलं.

“काही नाही. दोघी एकदम आत गेल्या.”

“कोण दोघी?”

“पुस्तिका,” मुंगी म्हणाली. “त्याने मुलीला चिंध्यांची एक पुस्तिका… शिवून… दिली.”

परीक्षक खोकले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण शब्द बरोबर होता. मोठ्या बाईंनी लेखणी उचलली.

“अडखळते,” त्या म्हणाल्या.

“अडखळते,” डिंकबाईंनी मान्य केलं.

“पण वाचते,” सर कोपऱ्यातून म्हणाले. बोलायची परवानगी नसताना.

मोठ्या बाईंनी डिंकबाईंकडे जरा वेळ रोखून पाहिलं. “तिसरीतच राहू दे. पुढच्या सत्रात मी स्वतः ऐकेन. नवं पान देऊन,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचा तास चालू ठेवा. त्या भिंतीवरचे मजकूर मात्र दर आठवड्याला बदलत चला.”

“चित्रं तीच, पट्ट्या बदलून,” डिंकबाई म्हणाल्या. “शिपाईमामांना सांगते. त्यांना जमतं ते.”

शाळा सुटली तेव्हा आई फाटकाच्या आत, झाडाच्या बुंध्याला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. डिंकबाई लांबूनच काही बोलणार, तेवढ्यात दोघी बहिणी पळत आल्या. शेंडेफळानं सवयीनं आत उघडलेल्या फाटकावरच्या फलकाकडे तोंड वर केलं आणि छाती भरून घेतली.

“थांब,” मुंगी म्हणाली. “मी.”

ती फलकाखाली उभी राहिली. बुटाच्या बंदाकडे वाकली नाही. हात बाजूला लांब झाला. “पर… वा… नगी… शि…” शेंडेफळ तोंडात शब्द तयार ठेवून पाय आपटत होतं, पण गप्प होतं. “शिवाय. परवानगीशिवाय आत येऊ नये.”

मग मुंगी वळली, आत उभ्या असलेल्या आईकडे तिनं बोट रोखलं, आणि तिचा आवाज भिंतीपाशी चढायचा तसा चढला.

“आई! तू परवानगी घेतलीस का? आधी बाहेर हो बघू!”

आई हसली की रडली हे डिंकबाईंना लांबून कळलं नाही. ती खरोखरच फाटकाबाहेर गेली मात्र. आणि मुंगीनं तिच्यासाठी फाटक धरलं.